पांढऱ्या कडांची आयव्ही

कात्रीच्या एका कड्याला आईनं गुंडाळलेली चिंधी अजून तशीच होती — अंगठ्याला घट्टा पडू नये म्हणून — आणि चिंधीवरचा मळकट खळगा लेकीच्या अंगठ्याला नीट बसत नव्हता, म्हणजे आईचा अंगठा आपल्यापेक्षा आखूड होता, हे तिला आज, आई जाऊन चार महिने झाल्यावर, कळत होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, जिथं गवतसुद्धा धड धरत नसे, तिथं आईनं आयव्हीची वेल अंथरली होती. बुटकी जात, नखाएवढी पानं, पानांना दुधी कडा. भिंतीवर चढवायची नाही, जमिनीवरच पसरू द्यायची, हा आईचा हट्ट. गेले चार महिने दर रविवारी ती इथं उकिडवी बसून फिकट पानांच्या फांद्या शोधून शोधून कापत आली होती. रोगट दिसायच्या म्हणून. उरलेली हिरवी कशी तरारून आली होती... आनंद नव्हे, पण एक काम आपल्या हातून बिघडलं नाही, एवढं तिला वाटत असे.

आणि आज सकाळी मावशी आली ती फाटकातच थबकली.

“अगं, हे कुठलं रान माजवलंस?”

“आईचंच आहे.”

“मग पांढरं कुठं गेलं?”

“कापलं. आजारी होतं.”

मावशी पायरीवर बसलीच. “आजारी कसलं, शहाणे! ती जातच तशी. मधूनच एखादी फांदी मूळ रंगावर जाते, नुसती हिरवी. ती जोरानं वाढते नि बाकीच्यांना गिळते. तीच कापायची! चोराच्या हाती किल्ल्या दिल्यास की गं. एवढी पुस्तकं वाचलीस, नर्सरीवाल्याला एक शब्द विचारता आला नाही? आईनं सांगितलं नव्हतं तुला?”

“नाही,” ती म्हणाली.

मावशी चहा टाकायला आत गेली आणि ती कात्री घेऊन मातीत बसली, तेव्हा ते ‘नाही’ तिच्या तोंडात कडवट होऊ लागलं. कारण सांगितलं होतं. वॉर्डातली ती दुपार, सलाइनच्या बाटलीची चादरीवर पडलेली लांबट सावली, आणि आई स्पष्ट आवाजात म्हणाली होती — “हिरवं काप.” थोड्या वेळानं पुन्हा — “हिरवं तेवढं काप हं.” नर्स म्हणाली, ताप डोक्यात गेला की बडबडतात अशा. आणि आईच्या उशीवरून आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो... मी हसले. “हो हो, कापते. तू झोप बघू.” आईनं डोळे मिटले. झोप लागली, असं मी धरून चालले.

शेवटचे चार दिवस आई शुद्धीवर नव्हती, असं तिनं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. सुटली बिचारी, असं म्हणत सगळे माना हलवत. तिच्याही जिवाला त्यानं बरं वाटे.

नळाच्या पाइपाजवळ, दाट हिरव्याखाली, वीतभर पांढऱ्या कडांची फांदी तग धरून होती. भोवतालचं हिरवं ती कापत सुटली. चार दिवस... त्या चार दिवसांतले आपले सगळे ‘हो हो’ तिला लख्ख ऐकू येत होते — उशी सारताना, फोन घेताना, डबा बंद करताना — पण प्रत्येकाच्या आधी आई काय म्हणाली होती, ते काही केल्या आठवेना.

खिडकीतून मावशी काहीतरी बोलली.

“हो हो,” ती म्हणाली.

हात थांबला. कात्री उघडीच राहिली. ती उठली, गुडघ्यांची माती न झटकताच खिडकीशी गेली.

“काय म्हणालीस, मावशी? परत सांग.”