सासूबाईंची एकच कादंबरी

आमच्या सासूबाई जन्मभर कोर्टात स्टेनो होत्या. साक्षीदार बोलणार, न्यायाधीश त्यातलं काय घ्यायचं ते सांगणार आणि ह्या तेवढंच टाइप करणार. खून, दरोडे, घटस्फोट, भावाभावांच्या मारामाऱ्या, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. घरी मात्र अवाक्षर काढायच्या नाहीत. मला गुन्हेकथांचं व्यसन. घरात एवढी खाण असताना मी ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचते, हे दुःख मी लग्नापासून गिळत आले आहे.

म्हणून ग्रंथालयानं जेव्हा जाहीर केलं की महिन्याभरात कादंबरी लिहा, पूर्ण होईल ती बांधून आपल्या कपाटात ठेवू, आणि सासूबाई परस्पर नाव देऊन आल्या, तेव्हा मी हवेतच तरंगत होते. एक काळजीही होती. त्यांच्या बोटांचे सांधे सुजायला लागले होते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, चालताहेत तोवर चालवून घ्या, पुढे आखडणार. म्हणजे कादंबरी व्हायची ती ही एकच.

"तुम्ही सांगा आई, मी टाइप करते," मी म्हटलं.

"आयुष्यभर दुसऱ्यांनी सांगितलेलं लिहिलं. हे माझं मी लिहीन." विषय संपला. त्यांनी एकदा नाही म्हटलं की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी हात हलवत परत जाईल.

राहिला प्रश्न कुठल्या प्रकारची लिहायची. पहिल्या बैठकीत प्रत्येकानं आपला प्रकार सांगायचा होता, कारण पुस्तक कुठल्या कपाटात जाणार ते त्यावरून ठरणार. मग काय, घरात ज्याच्या त्याच्या तोंडी सल्ले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?" माझा नवरा म्हणाला. "आई, कोर्टातलाच एखादा खून उचल."

"भुताची लिही," धाकट्या दिरानं फोनवरून सुचवलं. "भुतं कायम खपतात."

"भुतं मी पाहिली नाहीत रे. नातेवाईक पाहिलेत," सासूबाई इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की त्यानं फोनच ठेवला.

माझं तर खून कुठे व्हावा, संशय कोणावर जावा, इथपर्यंत सगळं ऐकवून झालं होतं. त्या भाजी चिरत ऐकत होत्या. मी समजले, पटतंय.

बैठकीत सगळे गोल करून बसले होते, मी सासूबाईंच्या मागे. कोणी प्रेमकथा म्हणालं, कोणी ऐतिहासिक. सासूबाई उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "विनोदी."

माझ्या तोंडून "काय?" असं एवढ्या मोठ्यानं निघालं की ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आमच्या सासूबाई आणि विनोदी! घरातल्या एकाही फोटोत त्यांचे दात दिसत नाहीत.

रस्त्यात माझा बांध फुटला. "एकच पुस्तक होणार आहे, आई! एकच! एवढे खून तुमच्याजवळ पडून आहेत आणि तुम्ही कोट्या करत बसणार?"

त्या चालायच्या थांबल्या. चपलांच्या दुकानाबाहेरच्या पायरीवर टेकल्या आणि मलाही बसायला लावलं.

"एक गवंडी होता," त्या म्हणाल्या. "सख्ख्या भावाला मारलं होतं त्यानं. वकिलानं विचारलं, तुमचं भांडण कधीपासूनचं? तर म्हणतो कसा, 'साहेब, आम्ही जुळे. मी आधी बाहेर आलो, त्याला ताटकळावं लागलं. तेव्हापासून.'"

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

"तशीच सगळी हसली. वकील, शिपाई, खुद्द न्यायाधीशसाहेब. आणि मेलेल्या भावाची बायको, इतका वेळ डोळे पुसत बसलेली, तीही हसली. हसता हसता तिनं दिराकडे पाहिलं, त्यानं तिच्याकडे. त्या घरात पूर्वी हे असं हसणं होत असणार गं. मग साहेबांनी मला सांगितलं, लिहा, 'वाद जुना होता.' मी लिहिलं. त्याला जन्मठेप झाली."

समोरून माणसं जात होती. त्या आपली बोटं चोळत राहिल्या.

"हशा झाला की हात थांबवायचा, ही आमची शिस्त. हशा घ्यायचा नसतो. सगळ्यांचे गुन्हे लिहिलेले आहेत, जाऊन बघ, सापडतील. ती माणसं हसायची कशी, ते कुठेच नाही. ते फक्त माझ्याजवळ आहे, आणि माझी बोटं ही अशी. आता सांग, मी खून लिहू?"

एवढी वर्षं मी ह्या बाईला रुक्ष समजत होते, आणि ही बाई कोणाकोणाची हसणी मनात जपून बसली होती. एवढी मोठी माणसं आपल्या स्वयंपाकघरात भाजी चिरत असतात आणि आपण त्यांना खुनाच्या कल्पना सुचवतो.

"त्या गवंड्याचं घालणार ना?" घरी पोचता पोचता मी हळूच विचारलं.

"छे. ते त्याचं आहे. माझी माणसं मी नवीन करीन. हसतील मात्र खरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टेबलाशी बसल्या. पहिला तासभर टकटक थांबत थांबत येत होती. मधेच बोटं दाबत असणार. मी चहा घेऊन गेले, तर आतून खुदकन आवाज आला. मग मोठा. सासूबाई एकट्याच, तोंड उघडून, दात दिसतील अशा हसत होत्या. गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही, कारण दोन्ही हात टाइप करत होते.