सोफ्याच्या रेक्झिनची सीट

येझदी मोटरसायकलला पन्नास वर्षं नक्की कधी झाली, यावर नाशिकच्या जुन्या गाड्यांच्या मंडळात दोन तट होते. एक तट म्हणे गेल्या वर्षीच झाली, दुसरा म्हणे अजून व्हायचीयत. शेवटी सेक्रेटरी किशोर पगारेंनी निकाल दिला, "केक यंदा कापू, भांडण पुढच्या वर्षी." पगारे देवळाली कॅम्पाच्या तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यापुढे सहसा कोणी बोलत नसे.

म्हणून रविवारी सकाळी आठ वाजता गोल्फ क्लबच्या मैदानावर एकतीस येझद्या ओळीने उभ्या होत्या आणि सई हेल्मेट हातात धरून रिक्षातून उतरत होती.

एकतिसांतली एक तिच्या वडिलांची. वेणीमाधव गायधनी फाल्गुनात गेले, तेव्हा गाडी निफाडच्या वाल्मीक बोरस्त्यांकडे गेली. हे वडिलांचे मंडळातले जिवलग. द्राक्षबागेपेक्षा कार्ब्युरेटरची जास्त काळजी घेणारे. "चालू राहील एवढं बघा, काका," एवढंच सईने तेव्हा सांगितलं होतं. आज तिला एकच करायचं होतं. बाबांच्या गाडीवर, बाबांच्या जागेवर बसून मंडळाच्या फेरीबरोबर त्र्यंबकपर्यंत जायचं. घरी आईने कपाटं आवरली होती, चष्मा कुणाला तरी देऊन टाकला होता. बाबांनी जशी ठेवली तशी राहिलेली ही एकच वस्तू होती.

ती ओळीपुढून दोनदा गेली. गाडी दिसेना.

"वळखली नाय ना?" मागून वाल्मीककाकांचा आवाज आला. ते नवी टोपी घालून, हात पुसत, हसत उभे होते. "दोनदा म्होरून गेली तू. म्या मोजलं."

समोर एक मरून रंगाची गाडी होती. टाकी आरशासारखी. दोन्ही सायलेन्सर चकचकीत. सीट काळी, कोरी, कडेला पांढरी दोरी शिवलेली. भाजीची पिशवी अडकवायला बाबांनी हँडलला लावलेला आकडा नव्हता. त्यांचा गुडघा चाळीस वर्षं घासून टाकीवर जिथे पत्रा उघडा पडला होता, तिथे आता सईला स्वतःचा चेहरा दिसला.

"सहा महिने लागले," काका म्हणाले. "नटसुद्धा त्या काळचे शोधले. 'कंपनीतून आली तशी' या गटात तुझ्या बापाला चार वर्षं नापास केलं या पगाऱ्यानं. दर वर्षी तेच. म्हणे, गायधनी, घरचा सोफा काढून या. यंदा बघू काय म्हणतो."

सोफ्याची गोष्ट खरीच होती. बाबांनी घरच्या सोफ्याचं उरलेलं हिरवं रेक्झिन सीटला लावलं होतं आणि भद्रकालीतल्या चांभाराकडून मधोमध एक रुंद पट्टा शिवून घेतला होता, कारण पाच वर्षांची सई शाळेत जाताना मागे बसून पेंगायची.

"छान केलीय, काका," ती म्हणाली. मग जरा थांबून, "जुनी सीट कुठंय?"

"हाय की. टाकतो का काय मी? पिकअपमधून आणली, ताडपत्रीवर मांडली."

मेळाव्याला घरातले जुने भाग घेऊन यायचे आणि ताडपत्रीवर मांडायचे, ज्याला जे लागेल त्याने ते न्यायचं, अशी मंडळाची रीत होती. सई ताडपत्रीकडे वळली. तिथे सटाण्याचा मंगळू अहिरे हिरवी सीट उलटी धरून तिच्यावर टिचक्या मारत होता.

"पत्रा चांगला शे," तो शेजारच्याला सांगत होता. "वरलं रेक्झिन फाडी टाकसू."

"ती माझी आहे," सई म्हणाली.

मंगळूने तिच्याकडे बघितलं, मग सीटकडे. "ताई, आठे मांडेल शे म्हणीसन उचलं."

"चुकून मांडली."

त्याने सीट सरळ केली, रुमालाने पुसली आणि तिच्या हातात दिली. ती उराशी धरून सई परत आली तेव्हा काकांचा चेहरा उतरला होता. सीट बघून त्यांना सगळं कळलं होतं, पण अजून आशा सुटली नव्हती.

"बक्षीस जाईल, पोरी."

"जाऊ दे."

"पगाऱ्या हसंल."

"बाबांनाही हसायचेच. त्यांनी कुठं मनावर घेतलं?"

काकांनी खिशातून पाना काढला. न सांगता आणखी चार जण वाकले. कुठल्याही येझदीचा नट सैल होताना दिसला की या माणसांना लांब उभं राहवत नसे. एक म्हणाला, या बाजूने घ्या. दुसरा म्हणाला, तीस वर्षं चुकीच्याच बाजूने घेतोयस तू. पगारे झेंडा घेऊन आले, घड्याळ बघितलं.

"सईताई, हा सोफा बसवलात तर गटातून बाद."

"चालेल, पगारेकाका."

"बरं." त्यांनी झेंडा काखेत मारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "दहा मिनिटं उशीर. तांत्रिक कारण." मग ते स्वतःच खाली बसले आणि पाना मागू लागले.

सीट बसली. पिशवीचा आकडाही काकांच्या पिकअपमधल्या पोत्यात सापडला, तोही लागला.

"आणि टाकीचा रंग?" सईने विचारलं.

काकांनी पान्याकडे बघितलं. "तो खरवडून काढला. तो गेला."

सईने मान हलवली. बसली, डाव्या पायाने किक मारली. पहिल्या दोन वाया गेल्या, तिसरीला निळा धूर आणि ती ओळखीची फटफट. मग किकचा तोच दांडा पुढे वळवून तिने गिअर टाकला; येझदीला दोन्हींचा दांडा एकच. सतराव्या वर्षी बाबांनी शिकवलं होतं, पायाला अजून आठवत होतं.

अंजनेरी फाट्यावर चहाला सगळे थांबले. वाल्मीककाका तिच्यापासून दोन टेबलं दूर बसले होते. सई आपला पेला घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं, काका."

"इचारलं असतं, तर नाय म्हणली असती."

"हो."

"मंग कसं इचारणार?"

काकांनी बशीत चहा ओतला, फुंकला, पण प्यायले नाहीत.

"राग आला का?"

"आला."

"लय?"

सईने विचार केला. "त्र्यंबकपर्यंत पुरेल एवढा."

"मंग ठीक," काका म्हणाले आणि बशी तोंडाला लावली. "तवर मी मागं मागं येतो."