जुना, वेगळा साठा

बाबांच्या अकराव्याच्या दिवशी सदूकाकांनी सांगितलं तेव्हा मला कळलं, की गेल्या महिन्यात मी तपासलेला चरस आमच्याच घरातला होता.

पावसाळा संपताना गुहागरच्या किनाऱ्याला चरसाची पाकिटं वाहून आली होती. पोलिसांनी ती गोळा करून रत्नागिरीला आमच्या प्रयोगशाळेत पाठवली. पाठोपाठ गावांतल्या घरांत मिळालेले नमुने आले; ते याच मालातले की दुसरीकडचे, हे ठरवायचं होतं. माझ्या टेबलावर नमुना येतो तो फक्त क्रमांकाचा, नावगाव वरच्या खोलीतल्या कागदांत. माझं सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे वरही कुणाला काही खटकलं नाही. सात क्रमांकाच्या नमुन्यात तेल निघालं. शिवाय चरस जुना होतो तसा नशेचा घटक कमी होऊन त्याचा दुसराच घटक बनत जातो, तो इथे किनाऱ्यावरच्या मालाच्या तिप्पट होता. मी लिहिलं: किनाऱ्यावरच्या मालाशी जुळत नाही, जुना, वेगळा साठा.

ते वाचून पोलिसांनी बाबांना तिसऱ्यांदा बोलावलं. साठा जुना, म्हणजे धंदा आधीपासूनचा. तिथून परतल्यावर दुसऱ्या सकाळी ते गेले. मला कशाचाच पत्ता लागू दिला नव्हता. मुलीची सरकारी नोकरी.

"अगो, किनाऱ्यावर गावलेलं पाकीट फोडलान्, त्याला वाटली राळ," सदूकाका म्हणाले. बाबा आणि ते चाळीस वर्षं एकाच होडीवर. "काळी, चिकट. उंडीच्या तेलात कढवलान् नि होडीच्या सांध्यांना फासलान्. दोन दिवसांत फासलेली सगळी धुऊन गेली. मासे तेवढे झिंगले असतील! मी म्हटलं पण, हरिश्चंद्रा, तुझी राळ तुझ्यासारखीच, एका जागी टिकत नाय." ते हसले आणि मग पंच्याने डोळे पुसत राहिले. "घरात उरलेली पोलिसांना गावली, त्यांना सगळं सांगितलान् गो. कोण ऐकतो?"

कढवलं, म्हणजे तापवलं. वर्षानुवर्षांत होणारा बदल चुलीवर तासाभरात होतो. हे मीच नव्या लोकांना शिकवते.

सोमवारी मी आमच्या प्रमुख अक्षया मॅडमकडे अहवालाच्या दुरुस्तीचा अर्ज घेऊन गेले.

"नुसती तांत्रिक दुरुस्ती दे," त्या म्हणाल्या. "वडिलांचं कशाला लिहितेस?"

"आज ना उद्या कोणीतरी नातं शोधून काढेल, मॅडम. मग दुरुस्तीही खोटी ठरेल आणि बाबा कायमचे गुन्हेगार."

त्यांनी अर्ज पुन्हा वाचला. "टेबल सोडावं लागेल तुला. नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत जाईल. आणि कढवल्याचा पुरावा हवा. एका दोस्ताच्या सांगण्यावर कोणी दुरुस्ती मानणार नाही."

संध्याकाळी माहेरी पोचले तेव्हा आई विळीवर नारळ खवत होती.

"आई, बाबांनी ते कशात कढवलं होतं?"

"माझ्या भाताच्या टोपात, दुसऱ्या कशात? किती घासला, वास जाईना. मागच्या पडवीत पडलाय."

"पोलिसांनी नेला नाही?"

"विचारलंनी कुठे? त्यांच्या साहेबाने कागद दाखवलान् म्हणे. प्रयोगशाळेने लिहिलंय, जुना माल. हे घरी येऊन तेवढंच बोलले." तिने खवलेला नारळ ताटात झटकला. "कोण गो तो लिहिणारा? तुझ्या ओळखीचा असेल."

"मीच, आई."

तिने विळी मिटली. उरलेली कवड ताटात ठेवली, उठली आणि मागे गेली. मी तिच्यामागून गेले. लाकडांच्या रचलेल्या ढिगापाशी टोप पालथा होता. काठाखाली काळी खरपूड तशीच होती. मी वाकले.

"हात लावू नको," ती म्हणाली.

नियमानेही तो पोलिसांनी पंचांसमोरच उचलायला हवा होता. पण ती नियमाचं बोलत नव्हती.

तिने टोपावर टोपली झाकली आणि शेजारी जमिनीवर बसली.

"कर त्यांना फोन," ती म्हणाली. "येईस्तोवर मी हितंच आहे."