गालातली बी

कुरोगीसरांनी जेवणाच्या डब्यातलं खारवलेलं उमे, ते आंबट जपानी आलुबुखार, बीसकट तोंडात टाकलं.

"ही बी गालात आहे तोवर मी बोलणार नाही," शेजारी विमान हाकणाऱ्या शिकाऊ चिनात्सुला ते म्हणाले. "समोर धावपट्टी. उतरव."

"हो सर!"

हे 'हो सर' ऐकून सरांचे कान किटले होते. पोरगी गुणी, पण तीन आठवडे तिची गाडी एकाच जागी अडली होती. सर ओरडायचे, "अजून नाही... अजून नाही... आता ओढ!" ती विमानाचं नाक उचलायला दांडा ओढायची, आणि विमान कधी धप्पकन आदळायचं, कधी बेडकासारखं उडायचं. कळलं का? हो सर. कळलं नसलं तरी हो सर. शिकवणाऱ्याला 'नाही' म्हणायची इथे रीतच नव्हती. आज सूर्यास्तापर्यंत ती एकटीने उडाली नाही, तर उद्या तिला विमानशाळेतून घरी पाठवणार होते.

काल ऐन वेळी सरांना ठसका लागला. 'आता' तोंडातून निघालंच नाही, आणि तिनेही दांडा ओढला नाही. मग त्यांना कळलं. पोरगी जमीन बघतच नव्हती, त्यांच्या आवाजाची वाट बघत होती. सरांना स्वतःचीच लाज वाटली. रात्रभर डोळा लागला नाही.

खाली समुद्र सायीसारखा निवांत पसरला होता. धुकट उन्हात पाइनची झाडं सावकाश मागे जात होती, आणि धावपट्टी पाण्यावर तरंगत जवळ येत होती. चिनात्सुने सरांकडे पाहिलं. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि बी दाताखाली घट्ट धरली.

"अजून नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. मग तेही थांबलं. नजर दूर, पट्टीच्या पार टोकाला गेली. वेळ जणू पेंगायला लागला. चाकं कधी टेकली ते सरांना कळलंच नाही.

विमान थांबलं. सरांनी बी हातात घेतली.

"मी उतरतो. आता एकटी जा."

"नाही सर."

पट्टा सोडता सोडता सरांनी मान वळवली.

"मघाशी आपण दोन हात उजवीकडे सरकलो होतो. मला दिसलं. अजून एकदा तुमच्याबरोबर येते, मग जाईन."

सूर्य अजून हातभर वर होता. सरांनी बी पुन्हा गालात सरकवली आणि पट्टा बांधला.

या वेळी विमान मधल्या पांढऱ्या रेघेवरच उतरलं. चिनात्सुने समोरचे काटे एकेक करून तपासले, पदर सारखा करावा तशा दोन्ही बाह्या खाली ओढल्या, आणि मान न वळवता म्हणाली,

"सर, आता तुम्ही उतरा."

"हो," सर कसेबसे म्हणाले. बी अजून तोंडातच होती.