सहीची शाई

कुंदाताईंनी चहाचे दोन्ही कप ओट्यावर नेऊन ठेवले, टेबल कोरड्या फडक्याने पुसलं आणि मगच नागेशला म्हणाल्या,

"आता उघडा."

नागेशने फोल्डरची नाडी सोडली. आत एकच कागद होता. त्यावर बारा ओळींची इंग्रजी कविता, नदीवरचा बर्फ फुटतानाची. वर लाकडी ठशाने उमटवलेली नदी आणि खाली निळ्या शाईत कवयित्रीची सही. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात, हाताने चालवायच्या यंत्रावर, पन्नास वर्षांपूर्वी अशा साठच प्रती निघाल्या होत्या.

कुंदाताईंनी हात मागे बांधून घेतले.

जर्मनीतल्या या कायझर्सलाउटर्नच्या आसपास, लष्करी तळामुळे, अमेरिकन कुटुंबं पुष्कळ. बदली झाली की सामान कमी करतात, आणि त्यात कधीकधी असा सुट्या कागदावर छापलेला एखादा अमेरिकन कवी निघतो. ग्रंथालयात जुने कागद दुरुस्त करण्यात कुंदाताईंची तीस वर्षं गेली होती. घरी त्या असे कागद जमवत आणि सपाट खोक्यांत, पातळ कागदाचे पदर घालून जपून ठेवत. हा कागद शेजारच्या मार्थाचा होता. सात वर्षं कुंदाताई तो नुसता बघायला जात. वृद्धाश्रमात जाताना मार्था म्हणाली, रविवारी ये, हा तुझा. त्या आनंदात कुंदाताईंनी मराठी मंडळाच्या फराळाला ही गोष्ट नागेशला सांगितली. नागेश शनिवारीच गाडी घेऊन मार्थाकडे गेला, तिची खोकी उतरवून दिली आणि जाताना आठवण म्हणून तोच कागद मागून घेतला.

पुढे त्याच्या घरच्या सत्यनारायणाला, प्रसादाची वाटी हातात असताना, कुंदाताईंना तो भिंतीवर दिसला. समोर दक्षिणेची खिडकी. "हे आमचं अमेरिकन कलेक्शन," नागेश पाहुण्यांना सांगत होता.

"फार पिवळा पडलाय हो," आता, दोन वर्षांनी, तो म्हणाला. "आणि हा डाग बघा."

"उन्हात होता. मागे साधा पुठ्ठा लावलात."

"दुसरी भिंतच नव्हती ना! आमची स्नेहलता म्हणते, सोफ्यावर तोच शोभतो."

"ठेवून जा. पंधरा दिवसांत करून देते."

नागेश मोठ्याने हसला. "तुमच्याकडे ठेवला की मला कसला परत मिळतोय, कुंदाताई! नुसती पद्धत सांगा. जन्म गेला माझा इंजिनं जुळवण्यात, एक कागद धुता येणार नाही?"

कुंदाताईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसल्या.

"लिहून घ्या."

त्यांनी शांतपणे सांगितलं. कागदापेक्षा मोठा, उथळ ट्रे. गाळलेलं पाणी, कोमट. कागद खाली जाळीचं कापड घेऊन हळूच सोडायचा. तपकिरी रंग उतरू लागला की पाणी बदलायचं. मग टीपकागद, वर काच, काचेवर वजन. छापलेल्या शाईत तेल असतं, तिला पाण्याने काही होत नाही. सगळं खरं होतं. एवढंच, की सही छापलेली नसते. पेनाची शाई पाण्यात टिकते की नाही, हे एका थेंबाने आधी तपासायचं असतं. ते त्यांनी सांगितलं नाही.

"अजून काही?" वही मिटत नागेशने विचारलं.

"घाई करू नका."

पुढचे चार दिवस कुंदाताईंनी खोकी उघडली नाहीत. भाजी चिरता चिरता त्यांचा हात थांबे. ट्रेमधलं निळसर होत जाणारं पाणी डोळ्यांसमोर येई आणि त्या पुन्हा चिरू लागत, जरा जोरात.

पाचव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात नागेश, हातात तोच फोल्डर.

"आल्झो, थोडक्यात वाचलो!" तो आत येतच नेहमीच्या जर्मन लकबीत म्हणाला. "कागद पाण्यात सोडणार, तेवढ्यात आठवलं. काडीला कापूस गुंडाळून सहीच्या शेवटच्या रेघेवर एक थेंब लावला. कापूस लगेच निळा! तशीच टिपली आणि थांबलो."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच की! मंडळाच्या शनिवारच्या शाळेत जुने कागद धुवायला शिकवायचात ना पोरांना? आमच्या अन्वीला न्यायला यायचो तेव्हा मागच्या बाकावर बसायचो मी. 'आधी शाईला विचारायचं, तिला पाण्यात उतरायचंय का.' आणि पोरं जर्मनमध्ये ओरडायची, 'एर्स्ट फ्रागेन!' आधी विचारा!"

कुंदाताईंची नजर फोल्डरवर गेली.

"त्या दिवशी नेमकं तेच विसरलात तुम्ही," नागेश समजुतीच्या सुरात म्हणाला. "होतं हो. सत्तरी उलटली की व्हायचंच. स्नेहलतालाही मी तेच म्हटलं, कुंदाताईंचं हल्ली लक्षात राहत नाही, पण हात अजून तसाच आहे. घ्या, तुम्हीच करा आता. आणि ठेवूनच घ्या. आमच्याकडे पुन्हा उन्हातच जायचा."

त्याने फोल्डर पुढे केला. कुंदाताईंनी तो दोन्ही हातांनी धरला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तो त्यांच्या हाती येत होता. एक "हो" म्हटलं की झालं असतं.

"मी विसरले नव्हते, नागेश."

तो आधी हसला. मग त्याचं हसू ओसरलं.

"म्हणजे?"

"एक एक पायरी सांगितली तुम्हाला. तेवढी एक सांगितली नाही."

नागेशने फोल्डर अजून सोडला नव्हता.

"अहो, सही गेली असती. तुम्ही... तुमच्या हातून असं?"

"माझ्या नव्हे," कुंदाताई म्हणाल्या. "तुमच्या हातून."

नागेशने फोल्डर आपल्याकडे ओढला. कुंदाताईंची पकड क्षणभर घट्ट झाली. मधे पुठ्ठा वाकला, आत कागद सरकल्याचा बारीक आवाज आला.

कुंदाताईंनी बोटं उघडली.