शाडूचा आजा

संध्या ठाकूरच्या तीन कादंबऱ्या छापून झाल्या होत्या आणि पेणपासून रोह्यापर्यंत त्यातली एकही कुणी वाचलेली नव्हती. प्रकाशनाला मात्र झाडून सगळे आले होते. बटाटेवडा, चहा, शाल, श्रीफळ आणि प्रत्येक वक्त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: थोर साहित्यिक हसूराम मोकल यांची ही नात. दुसरं वाक्य हसूरामांवर, तिसरंही हसूरामांवर, आणि शेवटी ताईंनीही असंच लिहीत राहावं म्हणून माइक पुढच्याच्या हातात. ताईंनी काय लिहिलंय, हे विचारायची कुणाला गरजच पडली नाही.

हसूराम मोकल म्हणजे 'तिसरी खांड'वाले. खाडीचं पाणी खारेपाटातला बांध फोडून शेतात घुसतं, त्या भगदाडाला खांड म्हणतात. म्हाताऱ्याने त्या खांडीवर, मिठागरावर आणि तिथे राबणाऱ्या आगऱ्यांवर अशी काही कादंबरी लिहिली, की ती थेट नववीच्या पुस्तकात जाऊन बसली. ज्याला त्या धड्याच्या पाच गुणांनी नापास केलं, तोही हसूरामांचं नाव निघालं की हात जोडायचा. घरात कुणी जोडत नव्हतं. घरात म्हातारा तापट, सुकटीशिवाय घास न उतरणारा, देवाचं नाव काढलं की बोटं मोडणारा. लिहिताना कुणी बोललं तर चप्पल फेकायचा आणि नेम चांगला होता. संध्याला त्याची चप्पल आठवत होती, चेहरा नीट आठवत नव्हता.

तिचं दुखणं निराळंच होतं. 'तिसरी खांड' आली तेव्हा अर्धा गाव काठ्या घेऊन म्हाताऱ्याच्या दारात आला होता, आमची बदनामी केलीस म्हणून. संध्याला त्या काठ्यांचा हेवा वाटायचा. आपलं पुस्तक कुणीतरी वाचावं आणि येऊन आपल्याशी कडाकडा भांडावं, एवढंच तिला हवं होतं. मिळायच्या शाली. शालीशी काय डोंबल भांडणार? तिची नणंद मैना खांब गावात राहायची, हायवेला लागून. तिला तिन्ही पुस्तकं सही करून दिली होती. त्यातली दोन टीव्हीच्या टेबलाच्या आखूड पायांखाली होती आणि तिसरं लोणच्याच्या बरणीवर. संध्या जायची, बघायची आणि नणंदेला बोलायचं कसं म्हणून मुकाट भाकरी खाऊन रोह्याला परत यायची.

आता चौथी कादंबरी लिहून तयार होती: 'नागोठण्याची हौसा'. नवऱ्याचं घर सोडून एसटी स्टँडवर चहाची टपरी टाकणारी बाई आणि तिचे सतरा उद्योग. यात खाडी नव्हती, मीठ नव्हतं, आजा तर औषधालाही नव्हता. पुण्याचे प्रकाशक म्हणाले, छापू की, पण वरती लाल पट्टी हवीच, 'हसूराम मोकल यांची नात'. मागच्या तिन्हींवर होती तशी. संध्या म्हणाली, या वेळी आजोबांचं नाव नको. त्यावर ते अगदी प्रेमाने म्हणाले, "मग ताई, नाव कुणाचं?"

ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. प्रकाशक जानेवारीत रोह्याला येणार होते, हसूरामांच्या जन्मशताब्दीला, तेव्हा हो की नाही ते सांगायचं ठरलं. साल शहाण्णव.

शताब्दीसाठी रोह्याच्या वाचनालयाने अंगणात पुतळा बसवायचा घाट घातला. कार्यवाह गोविंदा कडू. माणूस उत्साही, आणि उत्साहापुढे त्याला दुसरं काही सुचत नसे. मूर्ती हवी म्हटल्यावर रायगडातला माणूस जाणार कुठे? पेणेला. कडू सरळ जनूच्या कारखान्यात गेला. जनूच्या सात पिढ्या गणपतीत गेलेल्या. कडूने बजावलं, ते प्लास्टर-बिस्टर नको, थोर माणूस आहे, अस्सल शाडूतच झाला पाहिजे. जनूने मान डोलावली. शाडू म्हणजे पाण्यात विरघळणारी माती, आणि पुतळा म्हणजे उघड्यावर उभं राहणारं काम, ही दोन वाक्यं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात एका जागी आली नाहीत.

अडचण निघाली ती फोटोची. हसूरामांचा एकुलता एक फोटो कुठल्याशा संमेलनातला, आणि त्यात शेजारच्या अध्यक्षांचा हार त्यांच्या तोंडावर आलेला. कपाळ आणि एक कान तेवढा दिसत होता. म्हाताऱ्याची धाकटी बहीण बायजाबाई अजून होती. तिला विचारलं तर म्हणाली, नाक मोठं, राग त्याहून मोठा, बाकी मानसासारखा मानूस. शेवटी कडूने संध्याला पेणेला पाठवलं, नात आहात, सांगा वर्णन करून.

कारखान्यात डोकी नसलेले गणपती ओळीने वाळत होते. जनू शाडूचा गोळा घेऊन समोर बसला आणि सांगा म्हणाला. संध्या आठवेल तसं सांगत होती, न आठवेल ते बनवत होती, कादंबरीकारच ती. कपाळ रुंद होतं, भुवया जाड होत्या. जनू मान हलवायचा, हात चालवायचा आणि टकाटका तिच्याकडे बघायचा. मध्येच उठून रेडिओचा आवाज वाढवायचा. असं तीनदा झालं तेव्हा संध्या वैतागली, खालचा ओठ पुढे आला. जनू म्हणाला, तसंच ठेवा तोंड, बाई. ती म्हणाली, माझ्या तोंडाचं काय करायचंय तुम्हाला? तो नुसता हसला. घरी येऊन तिने नवऱ्याला, दिनेशला, सांगितलं की कारागीर जरा आगाऊच आहे. धाटावच्या कंपनीतली रात्रपाळी करून आलेला दिनेश तोवर घोरत होता.

समारंभाला रोहा लोटला. पाहुणे पुढारी होते, त्यांचे कार्यकर्ते, बेंजो पार्टी. पडदा बाजूला झाला, टाळ्या कडाडल्या आणि संध्या टाचा उंचावून बघू लागली. धड जनूने साच्यातूनच काढलं होतं, बसलेल्या गणपतीच्या. पोट जरा खरवडलेलं, चारातले दोन हात कमी केलेले. डाव्या हातात मोदक असतो तिथे दौत आणि उजवा हात आशीर्वादाला वर. जन्मभर देवाला शिव्या घालणारा माणूस! पण ते जाऊ दे. चेहरा तिचा होता. रोज वेणी घालताना आरशात दिसतो तोच, रुंद कपाळ, मोठं नाक, खालचा ओठ पुढे. वर झुबकेदार मिशा रंगवलेल्या.

हुबेहूब, हुबेहूब असं सगळेच म्हणाले. ज्यांनी हसूरामांना कधी पाहिलं नव्हतं ते जास्त जोरात म्हणाले. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलेल्या बायजाबाईला ऐकू कमी यायचं, म्हणून ती ओरडूनच बोलायची.

"अगो बाय, ही तं आपली संध्या! मिशा कुनी दिल्या गो तुला?"

कडू माइकवर खोकला आणि भाषण सुरू केलं. प्रकाशक संध्याच्या कानाशी वाकले. सुंदर, म्हणाले, हा पुतळा आणि तुमचा फोटो शेजारी शेजारी टाकू मुखपृष्ठावर. "आता पटलं ना ताई? तुम्ही वेगळ्या नाहीच."

संध्याला तिथेच बसून रडावंसं वाटलं. पुस्तकं तिची, नाव आज्याचं, इथवर तिने गिळलं होतं. आता तोंडही गेलं. तिने जनूला शोधलं. तो मागे मांडवाच्या खांबाला टेकून, काम पसंत पडलं या समाधानात उभा होता.

तेवढ्यात कार्यकर्त्यांनी दुधाचे कॅन पुढे आणले. पुढाऱ्यांच्या हातून दुग्धाभिषेक व्हायचा होता. जनूचं तोंड पांढरं पडलं. तो हात हलवत पुढे धावला, नको नको ओरडत, पण बेंजोवाल्यांनी नेमका तेव्हाच जोर धरला आणि लोकांना वाटलं कारागीर खुशीत नाचतोय. पहिला कॅन डोक्यावर ओतला. जनूचे रंग पाण्याचे. मिशा आधी सुटल्या, दोन काळे ओघळ होऊन गळ्याखाली उतरल्या आणि घडीभर त्या बैठकीवर संध्या ठाकूर बसली होती. नुसती संध्या. मग दुसरा कॅन, तिसरा, बादलीने पाणी, आणि नाक घसरलं, ओठ गेला, आशीर्वादाचा हात गळून पडला. दौत पुढाऱ्यांच्या पायाशी घरंगळली. मागून कुणीतरी सवयीने म्हणून गेलं, पुढच्या वर्षी लवकर या.

कडू जनूवर तुटून पडला. जनूचं म्हणणं एकच, साहेब, आमच्याकडं दहा दिसांच्या वर टिकनारं आजवर कुनी मागितलंच नाय.

संध्या हसत सुटली. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. आज्याचं ओझं तिने चाळीस वर्षं वाहिलं होतं आणि तो आज तीन कॅन दुधात वाहून गेला. डोळे पुसून ती प्रकाशकांना म्हणाली, "नुसतं संध्या ठाकूर छापा. नसेल जमत तर राहू दे."

प्रकाशक म्हणाले, मग राहू दे, आणि गाडीत बसून पुण्याला गेले.

'नागोठण्याची हौसा' अखेर पेणेत छापली, लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये. प्रेसवाल्याने सवयीप्रमाणे वर गणपती टाकला, ॥ श्री प्रसन्न ॥ घातलं आणि शेवटच्या पानावर 'आमच्या काकूचं पुस्तक वाचायचं हं!' हेही घातलं. लाल पट्टी नव्हती. मागे संध्याचा फोटो, वैतागलेला. प्रकाशन झालं नाही, शाल आली नाही. गठ्ठे पलंगाखाली पडून राहिले. मैनालाही एक प्रत दिली. ती टेबलाच्या तिसऱ्या पायाखाली गेली. पावसाळाभर संध्या मनातून खचत गेली. निदान पट्टी होती तेव्हा लोक वडे खायला तरी यायचे, असं तिने दिनेशपाशी बोलूनही दाखवलं.

भादव्यात गौरींना ती खांबला गेली. आत पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच थिजली. तेरड्याच्या गवरीला जरीची साडी, नथ, गजरा, आणि तोंड तिचं. रुंद कपाळ, मोठं नाक, ओठ पुढे. पुतळ्याच्या तोंडाचा साचा जनूने तेव्हाच काढून ठेवला होता आणि पेणेत साचा कुणी टाकून देत नाही. मिशा तर रंगाच्याच होत्या, साच्यात नव्हत्याच. जनूने त्या साच्यातून गवरीचे मुखवटे काढले होते. मैना कौतुकाने सांगत होती, नवीन तोंड आलंय पेणेवरनं, कोलाडपातुर घराघरात हेच हाय, जरा रागीट हाय पन तेज बघ. बाया येत होत्या, त्या नाकाला हळदकुंकू लावून पाया पडत होत्या. हसूरामांचं नाव कुणी काढलं नाही. संध्याने स्वतःच्याच पायावर डोकं ठेवलं, करते काय?

गवरीपुढे पाटावर, फुलं वाहिलेलं, तिचं पुस्तक होतं. संध्याने मैनाकडे पाहिलं.

मैना ओशाळली. श्रावणात पेणेवरनं मुखवटा आणून कापडातून सोडला त्या दिवशी टेबलाखाली नजर गेली आणि पुस्तकाच्या मागच्या पानावर साक्षात गवर दिसली, तीही टीव्हीच्या पायाखाली. भ्यायले मी वयनी, म्हणाली, थोबाडीत मारून घेतली. मग पुसून पाटावर ठेवलं. आणि गवरीची पोथी घरात नुसती ठेवून कशी चालेल, म्हणून रोज दुपारी आळीतल्या बाया जमवून एकेक अध्याय वाचला. काल समाप्ती झाली, तिखटाचा नैवेद्यही दाखवला.

"सगळी वाचली?" संध्याने विचारलं.

"सगळी. आनि तुला इचारायचंच हाय," मैनाने पदर खोचला. बाकीच्या बायाही पुढे सरकल्या, त्यांची तोंडं काही बरी दिसत नव्हती. "ती हौसा शेवटी नवऱ्याकडं परत गेलीच कशी? एवढी टपरी चालवली, हवालदाराला चोपलं, आनि गेली त्या मुडद्याकडं? काल रातीला डोळ्याला डोळा नाय आमच्या. हे काय लिवनं झालं, वयनी?"

संध्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने ते पदराने पुसलं, हातातली पिशवी खाली ठेवली, गवरीपुढे ऐसपैस मांडी घातली आणि खालचा ओठ पुढे काढला.

"जाणार नाही तर काय करणार होती?" ती म्हणाली आणि भांडायला बसली.