तिसऱ्या होडीचं नाव

सिर्मियम शहरात, जुन्या रोमन स्नानगृहाच्या भिंतीला टेकून मुंडरिकचं दुकान होतं. तो हरणाच्या शिंगाच्या फण्या करायचा. एका फणीला चार दिवस लागत, आणि गिऱ्हाइकाने घाई केली तर पाच. कारण मग मुंडरिक हातातलं काम ठेवून, घाई केल्याने दाते कसे तुटतात हे त्याला समजावून सांगत बसे.

मार्गशीर्षासारखी थंडी पडायला लागली होती तेव्हा उर्सिनस नावाचा लेखनिक दुकानात आला. हा बिशपच्या कचेरीत लिहायचं काम करी. जातीने रोमन, पण मुंडरिकच्या लोकांचं, गेपिडांचं राज्य आल्यापासून त्यांची भाषा बरी बोलायला शिकला होता. डोक्यावर केस नव्हते; फणी त्याला दाढीसाठी हवी होती.

"चार दिवस," मुंडरिक म्हणाला.

"अपेक्षाच होती," उर्सिनस म्हणाला. "तुमचं नावच तसं आहे."

मुंडरिकने करवत खाली ठेवली. "माझं नाव?"

"तुमच्या लोकांचं. गेपिड. मी सध्या सगळ्या लोकांच्या नावांचे अर्थ लिहून काढतोय. कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका विद्वानाने मागवलेत. लोंबार्ड म्हणजे लांब दाढीवाले, ते सोपं होतं. तुमचं एका गॉथ माणसाकडून कळलं. गॉथ लोक समुद्र ओलांडून आले तेव्हा तीन होड्या होत्या. तिसरी, तुमची, मागाहून रेंगाळत आली. तुमच्या भाषेत रेंगाळणाऱ्याला 'गेपांता' म्हणतात ना, त्यावरून गेपिड. मी लिहिलंय, 'आळशी, अंगाने जड आणि बुद्धीने मंद.'"

"हे तिन्ही त्या गॉथने सांगितलं?"

"आळशी त्याने सांगितलं. बाकीचं मी ओघात लिहिलं."

मुंडरिकने थोडा विचार केला. "चुकीचं आहे. आमचं नाव 'गिबा'वरून आलंय. गिबा म्हणजे देणगी. आम्ही देणारे लोक. माझे आजोबा सांगायचे."

उर्सिनस माणूस प्रामाणिक होता. तो म्हणाला, "आजोबा आहेत?"

"नाहीत."

"मग जिवंत साक्षीदार आणा. जुनी गाणी पाठ असलेला कुणीतरी. हे कॉन्स्टँटिनोपलला नेणारी बोट नऊ दिवसांनी सुटते. आठव्या दिवसापर्यंत आलात तर बदलतो."

मुंडरिकने दुकान बंद केलं. बायको म्हणाली, नावाचा अर्थ कुणी विचारत नाही, फण्या विचारतात. तो म्हणाला, ते खरं आहे. आणि शेजाऱ्याची बैलगाडी मागून तिसा नदीच्या काठच्या आपल्या आजोळी निघाला.

तिथे त्याची मावशी रानिल्डा राहायची. वय ऐंशीच्या आसपास. होड्यांचं गाणं अख्खं पाठ असलेली ती एकटीच उरली होती. तिसऱ्या दिवशी मुंडरिक पोहोचला तेव्हा ती बाजरीची पेज ढवळत होती. त्याने सगळी हकिगत सांगितली.

"अंगाने जड?" मावशीने विचारलं.

"असं लिहिलंय."

तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पेज वाढली. "येते मी. पण शेळी विणार आहे. तिचं झालं की निघू."

"मावशी, आठव्या दिवसापर्यंत पोहोचायचंय."

"मग शेळीला सांग."

शेळी दुसऱ्या दिवशी दुपारी व्याली. मुंडरिक गोठ्याच्या दाराशी बसून बोटांवर दिवस मोजत होता. परतताना वाटेत पूल वाहून गेलेला, म्हणून लांबच्या उतारावरून, नदी उथळ होती तिथून, गाडी घालावी लागली. बैल शेजाऱ्याचे, त्यामुळे त्यांना मारायची सोय नव्हती. तरीही आठव्या दिवशी सकाळी ते सिर्मियमच्या वेशीत शिरले. मुंडरिकला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

उर्सिनसने मावशीला बाक दिला, शाई घेतली आणि म्हणाला, "आजी, गेपिड या नावाचा अर्थ काय?"

"उशिरा आलेले," मावशी म्हणाली.

उर्सिनसने मुंडरिककडे पाहिलं. मुंडरिकने मावशीकडे.

"मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "गिबा. देणगी."

"ते तुझ्या आजोबाने एका गॉथाच्या लग्नात जुळवलं. दारू प्यायला होता. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, बरं सुचलं, आता हेच सांगत जाऊ."

आठ दिवस, उसनी बैलगाडी, बंद दुकान, हे सगळं मुंडरिकच्या चेहऱ्यावर दिसलं.

"म्हणजे गॉथ खरं सांगत होता," उर्सिनस म्हणाला.

"होड्या तीन होत्या, हे खरं. तिसरी आमची, ती मागाहून आली, हेही खरं. का ते त्याने सांगितलं?"

"आळशी होते म्हणून."

"त्याचे लोक पुढे निघून गेले होते. त्यांना काय दिसणार?" मावशीने पदर सारखा केल्यासारखी खांद्यावरची लोकरीची शाल सारखी केली. "आमच्या होडीत एक बाई अडली होती. पहिलटकरीण. नदीच्या मुखाशी वाळूचं बेट होतं, तिथे होडी लावली. पुढच्या दोन होड्यांतून हाका मारत होते, चला, चला. आमच्या लोकांनी सांगितलं, तुम्ही व्हा पुढे. मूल झालं, मुलगी. आईला ताप भरला. बारा दिवस तिथेच थांबले. बाराव्या दिवशी ती गेली. तिला पुरलं, मुलीला दुसरीच्या दुधावर घातलं आणि मग निघाले. पोहोचले तर चांगली जमीन सगळी वाटून झालेली. गॉथ म्हणाले, आले बघा, रेंगाळे."

"आणि हे नाव तुम्ही ठेवून घेतलं?"

"नको म्हणायचं तर थांबलो ते चुकलं असं म्हणावं लागतं. तसं कुणाला म्हणवेना."

उर्सिनसने लेखणी कानावर खोचली. "म्हणजे उशिरा, पण आळशी नाही."

"तुझ्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे का?"

"नाही. दोन आहेत."

"मग योग्य तो घाल."

त्याने चामड्याचं पान उघडलं. त्यावर नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेलं मुंडरिकला दाखवलं. रोमन लोक एक लिहितात, ग्रीक दुसरं, आणि घाईत असले की दोघेही सरळ गॉथ लिहून मोकळे होतात. मग चाकू घेऊन तो 'आळशी'पासूनचे शब्द खरवडायला लागला. चामडं पातळ होऊन भोक पडायच्या बेताला आलं तसा मुंडरिक पुढे झाला.

"द्या इकडे. कुठून कुठपर्यंत?"

उर्सिनसने बोटाने दाखवलं. मुंडरिकला वाचता येत नव्हतं, पण खरवडणं येत होतं. त्याने पात्याची धार बघितली, आपलं स्वतःचं पातं काढलं आणि एकेक अक्षर, श्वास रोखून, चामड्याला ओरखडा न येऊ देता खरवडून काढलं. 'आळशी' गेलं. 'अंगाने जड' गेलं. 'बुद्धीने मंद' हे शेवटी. त्याला जरा जास्त वेळ दिला. दुपार उलटली. उर्सिनसने कोऱ्या जागी लिहिलं आणि वाचून दाखवलं: 'उशिरा आलेले, कारण एका बाळंतिणीसाठी थांबले.'

"पुरे," मावशी म्हणाली.

मुंडरिकने विचारलं, "आता हे उद्या बोटीत जाईल?"

उर्सिनस पान वाळवत होता. "हे इथे राहील. ही कचेरीची प्रत. जाणारी प्रत वेगळी होती."

"होती?"

"बोट दोन दिवस आधीच सुटली. नदी गोठेल म्हणून तांडेल घाबरला. मी तुमची वाट बघा म्हणालो होतो, पण तो थांबेना." तो खरंच ओशाळला होता. "मी पुढच्या बोटीने पत्र पाठवीन."

"पुढची बोट कधी?"

"वसंतात."

मुंडरिकने आपलं पातं पुसून कमरेला खोचलं. तो वेळेवर आला होता, हे त्याला कुणाला तरी सांगायचं होतं. पण खोलीत होते त्या दोघांना ते माहीतच होतं.

दुसऱ्या दिवशी तो मावशीला परत सोडायला निघाला. वाटेत म्हणाला, "तिथे कॉन्स्टँटिनोपलमध्ये लोक वाचतील, बुद्धीने मंद."

"वाचू देत."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. पण मी मेल्यावर गाणं कुणाला येईल, याचं जास्त वाटतं."

मग मुंडरिकने विचारलं, "त्या बाईचं नाव काय होतं?"

"गाण्यात आहे. पहिल्यांदा होडीतल्यांची नावं येतात, एकेचाळीस. ती एकोणिसावी. मधूनच सांगता येत नाही, सुरुवातीपासून म्हणावं लागतं."

"म्हण."

तिने म्हटलं. त्याने मागून म्हटलं. सातव्या नावाला तो अडखळला. मावशीने पहिल्यापासून घ्यायला लावलं. उताराशी पोहोचेपर्यंत तो अकराव्यापर्यंत आला होता, आणि गावाची झाडं दिसेपर्यंत एकोणिसाव्या नावापर्यंत. ते त्याने दोनदा म्हटलं.

"आणि मुलीचं?" त्याने विचारलं.

"ती होडीत चढली तेव्हा बिननावाची होती. इकडे पोहोचल्यावर ठेवलं असणार. गाण्यात नाही."

मुंडरिकने मान हलवली आणि विसाव्या नावाला सुरुवात केली. तो मावशीकडे आणखी सहा दिवस राहिला.